पीएफ रिटर्नमध्ये नेमका कुठे लिहायचा?

पगारातून दरमहा पीएफ कापला जातो आणि जून-जुलै उजाडला की नोकरदार विचारतात, हा आकडा रिटर्नमध्ये कुठे टाकायचा? उत्तर देणाऱ्याची अडचण होते, कारण पीएफ हा एक आकडा नसतोच. त्यात आपण भरलेले पैसे असतात, कंपनीने भरलेले असतात, दोन्हींवरचे व्याज असते आणि कधीतरी काढलेली रक्कमही असते. आयकर कायदा या चौघांना चार वेगळे नियम लावतो. काही रक्कम वजावटीत जाते, काही रिटर्नमध्ये दिसतच नाही, काही ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवावी लागते, तर काही पगारात मिळवावी लागते. पैसा कोणी भरला आणि कधी काढला, एवढे आधी ठरवले की बाकीचा गोंधळ बराचसा सुटतो.

हा विषय शांती नगरासारख्या वस्तीत घरोघरचा आहे. मिरा रोड पूर्वेला शांतीस्टार बिल्डर्सच्या प्रकल्पातून ही क्रमांकांच्या सेक्टरांची वसाहत उभी राहिली. मुंबईत घर परवडत नव्हते अशी कितीतरी पगारदार कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या भरवशावर इथे स्थिरावली. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती. इथल्या एकाच मजल्यावर तीन पिढ्यांचा पीएफ सापडू शकतो. आजोबांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली पेन्शन, वडिलांच्या खात्यात पंचवीस वर्षांची शिल्लक, आणि मालाड-गोरेगावच्या कार्यालयांत दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या मुलीची तीन अर्धवट खाती. तिघांचेही रिटर्न वेगळे, आणि तिघांच्याही चुका होण्याच्या जागा वेगळ्या. या लेखातले सगळे आकडे आणि कलमे १९६१ च्या आयकर कायद्याची, म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या उत्पन्नाची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात.

आधी पैसा कसा वाटला जातो ते पाहू. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या १२ टक्के आपल्या पगारातून जातात आणि तेवढेच कंपनी घालते. आपले १२ टक्के पूर्णपणे पीएफ खात्यात जमा होतात. कंपनीच्या १२ टक्क्यांतून मात्र ८.३३ टक्के पेन्शन योजनेकडे वळतात, तेही साधारणपणे १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. त्याआधी ती ६,५०० होती.

एखाद्याचा मूळ पगार महिना ३०,००० रुपये धरा. त्याच्या पगारातून ३,६०० कापले जातील, वर्षाचे ४३,२००. कंपनीही ३,६०० भरेल. त्यातले १,२५० पेन्शनकडे जातील आणि २,३५० पीएफ खात्यात येतील, म्हणजे वर्षाला २८,२००. पासबुकात हे तीन रकाने स्पष्ट दिसतात: कर्मचाऱ्याचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शन. रिटर्न भरण्याआधी ते पासबुक उघडावे आणि फॉर्म १६ शेजारी ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगेन.

आपल्या वाट्याचे ४३,२०० रुपये कलम ८०सी खाली दाखवता येतात, पण फक्त जुन्या करपद्धतीत. एलआयसीचा हप्ता, पीपीएफ, मुलांची शाळेची फी, गृहकर्जाच्या हप्त्यातली मुद्दल हे सगळे धरून या कलमाची मर्यादा दीड लाखाची आहे. म्हणून शांती नगरात गृहकर्ज फेडणाऱ्या घराची मर्यादा पीएफ मोजण्याआधीच भरलेली असू शकते. २०२५ च्या रिटर्नपासून ८०सीच्या वजावटींचा तपशील जास्त बारकाईने मागितला जाऊ लागला, कागदाचा किंवा पॉलिसीचा क्रमांकसुद्धा. पीएफचा आकडा फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये ८०सी समोर आधीच आलेला असतो. तो पुन्हा वेगळा जोडला तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक इथेच होते. पगाराच्या स्लिपवर किंवा ‘सीटीसी’च्या कागदावर दोन्ही वाटे दिसतात, आणि ‘शेवटी पैसा माझाच ना’ म्हणून दोन्ही मिळून ८६,४०० रुपये ८०सी मध्ये टाकले जातात. पैसा आपलाच आहे, हे खरे. पण कंपनीचा वाटा मुळात आपल्या करपात्र पगारात धरलेलाच नसतो. पगाराच्या १२ टक्क्यांपर्यंत मालकाचा वाटा कायद्याने करमुक्त आहे. उत्पन्नात जे मिळवलेच नाही ते वजा कसे करणार? वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा या एका चुकीने उपकरासह सुमारे ९,००० रुपये कर कमी भरला जातो. नोटीस आली की तो व्याजासह भरावा लागतो.

फॉर्म १६ मध्ये मालकाचा हा करमुक्त वाटा कुठेही दिसत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. पगारदार माणूस त्या फॉर्मकडे पूर्ण हिशेब म्हणून पाहतो आणि न दिसलेली रक्कम ‘राहून गेली’ असे समजून स्वतःच जोडतो. ‘मालकाचा पीएफ वाटा: इतका, करमुक्त’ अशी एक ओळ छापली असती तर हजारो चुका टळल्या असत्या.

नव्या करपद्धतीने चित्र आणखी बदलले. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर रिटर्नमध्ये तसे निवडावे लागते, तेही मुदतीत. साधारण मुदत ३१ जुलैची असते. २०२५ साली ती सप्टेंबरपर्यंत वाढली होती. मुदत उलटल्यावर उशिराचे रिटर्न भरले तर जुन्या पद्धतीचे दार बंद होते आणि वर्षभर कापलेल्या पीएफची ८०सीची वजावटही त्याच्याबरोबर जाते. हा नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे आणि त्याचा फटका मोठा बसतो.

नव्या पद्धतीत आपल्या वाट्याला वजावट नाही, पण मालकाचा वाटा तिथेही करमुक्तच राहतो. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. म्हणून शांती नगरातल्या बऱ्याच घरांना आता पीएफची वजावट मागण्याची गरजच उरलेली नाही. यातून एक चुकीचा समज पसरतो आहे, की पीएफमध्ये आता करलाभ राहिला नाही, तेव्हा तो ठेवून काय करायचे. मला हा समज धोक्याचा वाटतो. मालकाचा वाटा करमुक्त, ठरावीक मर्यादेपर्यंतचे व्याज करमुक्त, पाच वर्षांनंतर काढलेली रक्कम करमुक्त, हे तिन्ही लाभ जसेच्या तसे आहेत. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळाले. इतक्या सुरक्षित ठिकाणी करमुक्त ८.२५ टक्के देणारी दुसरी जागा पगारदाराला सहज सापडणार नाही.

एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेची, रीत मात्र उलटी आहे आणि पीएफची सवय लागलेला माणूस तिथे हमखास अडखळतो. एनपीएसमध्ये मालकाने भरलेली रक्कम आधी पगारात मिळवली जाते आणि मग कलम ८०सीसीडी(२) खाली वजा केली जाते. म्हणजे ती रिटर्नमध्ये दोन ठिकाणी दिसते, एकदा अधिक आणि एकदा वजा. फॉर्म १६ मधल्या एकूण पगारात ती धरली आहे का, हे तपासल्याशिवाय वजावट घेऊ नये. धरलेलीच नसेल आणि आपण वजा केली, तर पीएफमध्ये झालेली तीच चूक वेगळ्या कलमाखाली पुन्हा होते. नव्या पद्धतीतही मिळणाऱ्या थोड्या वजावटींपैकी ही एक आहे. २०२४-२५ पासून खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीही नव्या पद्धतीत तिची मर्यादा मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत गेली. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरी हे कलम रोजच्या ओळखीचे असते. आपण स्वतः जादा भरलेल्या ५०,००० रुपयांची वजावट ८०सीसीडी(१बी) खाली मिळते, पण फक्त जुन्या पद्धतीत.

मोठ्या पगाराच्या लोकांसाठी आणखी एक कुंपण आहे. पीएफ, एनपीएस आणि सुपरअॅन्युएशन मिळून मालकाने वर्षात साडेसात लाखांहून जास्त भरले तर वरची रक्कम २०२०-२१ पासून पगारातला लाभ म्हणून करपात्र होते. ती फॉर्म १२बीए मध्ये येते. बहुतेक वाचकांचा याच्याशी संबंध येणार नाही.

व्याजाचा संबंध मात्र येऊ शकतो, विशेषतः ज्यांनी ऐच्छिक पीएफ सुरू केला आहे त्यांचा. १ एप्रिल २०२१ पासून आपण स्वतः वर्षाला अडीच लाखांहून जास्त भरले तर त्या वरच्या भागावरचे व्याज करपात्र ठरते. यात मालकाचा वाटा मोजला जात नाही. जिथे मालक काहीच भरत नाही, तिथे, म्हणजे सरकारी जीपीएफमध्ये, ही मर्यादा पाच लाखांची आहे. केवळ १२ टक्क्यांनी अडीच लाख ओलांडायचे तर मूळ पगार महिना १ लाख ७३ हजारांवर हवा. पण ऐच्छिक पीएफने ती रेषा लवकर गाठली जाते. मूळ पगार ८०,००० असलेली एखादी व्यक्ती नियमाने ९,६०० भरते आणि वर दरमहा १५,००० ऐच्छिक टाकते असे समजा. वर्षाचे २,९५,२०० होतात, म्हणजे ४५,२०० रुपये रेषेच्या वर. या रकमेसाठी पीएफ खात्यातच करपात्र भाग वेगळा ठेवला जातो. पहिल्या वर्षी व्याज थोडे असते, कारण मर्यादा फेब्रुवारीच्या आसपास ओलांडली जाते. पण ते ४५,२०० पुढेही त्याच भागात राहतात. त्यांच्यावरचे व्याज दरवर्षी करपात्र असते, पुढच्या वर्षांत अडीच लाखांच्या आत भरले तरीही.

हे व्याज ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ या भागात दाखवायचे. फॉर्म १६ मध्ये ते नसते, कारण ते कंपनीने दिलेले नाही. करपात्र व्याज ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर टीडीएस कापला जात नाही, म्हणून कापलेल्या कराची नोंद असलेल्या फॉर्म २६एएस मध्येही काही दिसत नाही. टीडीएस कापला नाही म्हणून कर नाही असे होत नाही. बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजाइतकेच हेही दाखवायचे उत्पन्न आहे.

निवृत्त झालेल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोकरी संपल्यावरही बरेच जण पीएफ तसाच ठेवतात, चांगले व्याज मिळते म्हणून. नोकरी असेपर्यंतची शिल्लक करमुक्त असली, तरी नोकरी सोडल्यानंतर साठलेले व्याज करपात्र आहे, असे बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. वीस-पंचवीस लाखांची शिल्लक असेल तर हे वार्षिक व्याज लाख-दोन लाखांत जाते. १९९५ च्या योजनेतली मासिक पेन्शनही करपात्र उत्पन्नच आहे, किमान १,००० रुपयांची असली तरी.

आता नोकरी बदलणाऱ्या मुलांकडे येतो. माझ्या मते या साऱ्या विषयातले सर्वांत मोठे नुकसान इथे होते, आणि ते टाळता येण्याजोगे असते. नोकरी सुटली की हातात पैसे नसतात. पीएफचा दावा आता मोबाइलवरून करता येतो, खोलीचे भाडे थकलेले असते, आणि खाते मोडले जाते. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी शिल्लक काढली तर ती करपात्र होते. पण ही पाच वर्षे एकाच कंपनीत व्हावी लागत नाहीत. मालाडला २ वर्षे ३ महिने, गोरेगावला १ वर्ष १० महिने आणि अंधेरीला दीड वर्ष झाले, आणि प्रत्येक वेळी जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवली, तर सेवा ५ वर्षे ७ महिन्यांची धरली जाते आणि पूर्ण रक्कम करमुक्त निघते. प्रत्येक वेळी मोडली, तर तिन्ही वेळा कर. २०१४ पासून यूएएन हा एकच क्रमांक आयुष्यभर चालतो, पण क्रमांक एक असला म्हणून शिल्लक आपोआप एकत्र झाली असे गृहीत धरू नये. सेवेचा इतिहास पोर्टलवर तपासून घ्यावा.

समजा वरच्याच ३०,००० मूळ पगाराच्या मुलाने २७ महिन्यांनी खाते मोडले. त्याचा स्वतःचा वाटा ९७,२००, कंपनीचा ६३,४५०, आणि व्याज अंदाजे अनुक्रमे ९,००० आणि ५,९०० धरू. हातात यायला हवेत १,७५,५५०. रक्कम ५०,००० किंवा जास्त असल्याने कलम १९२ए खाली १० टक्के, म्हणजे १७,५५५ रुपये टीडीएस कापला जाईल. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के.

टीडीएस पूर्ण रकमेवर कापला जातो, पण कर पूर्ण रकमेवर नसतो. कंपनीचा वाटा आणि त्यावरचे व्याज, म्हणजे ६९,३५०, पगाराचे उत्पन्न धरले जाते. स्वतःच्या वाट्यावरचे ९,००० व्याज इतर उत्पन्नात जाते. स्वतः भरलेले ९७,२०० त्याच्या करभरल्या पगारातून गेलेले आहेत. त्याने ८०सीची वजावट घेतली नसेल, म्हणजे नव्या पद्धतीत असेल, तर त्यांवर पुन्हा कर लागत नाही. जुन्या पद्धतीत वजावट घेतली असेल तर ती मागे घेतली जाते, म्हणजे त्या-त्या वर्षांचा कर तो निधी मान्यताप्राप्त नव्हताच असे धरून पुन्हा मोजला जातो. आयटीआर-२ मध्ये यासाठी कलम १११ चा स्वतंत्र तक्ता आहे. म्हणून ‘टीडीएस कापला, विषय संपला’ असे मानून गप्प बसणारा मुलगा बहुधा स्वतःचाच परतावा सोडून देत असतो. उलट ज्याने ‘माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही’ असे सांगणारा फॉर्म १५जी भरून टीडीएस टाळला, त्याची रक्कम करमुक्त झालेली नसते. उत्पन्न तरीही दाखवावेच लागते. आजारपणामुळे, कंपनी बंद पडल्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागत नाही. आपल्याला हे लागू होते का, ते दावा करण्याआधी पाहावे, आणि पुरावा म्हणून कंपनीचे पत्र जपून ठेवावे.

पाच वर्षांनंतर काढलेली करमुक्त रक्कमही रिटर्नमध्ये दाखवावी. तिच्यासाठी करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात कलम १०(१२) निवडता येते. कर लागत नाही, पण बँकेत एकदम आलेली मोठी रक्कम कुठून आली याची नोंद राहते.

दुसऱ्या बाजूला मालकाचेही रिटर्न असते. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे छोटे कारखाने आहेत. वीस किंवा अधिक माणसे असली की पीएफ कायदा लागू होतो. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. ‘चेकमेट सर्व्हिसेस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी ठरवले, की ही तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी १९६१ च्या कायद्याखाली कामगाराचा तो वाटा मालकाला खर्च म्हणून वजा करता येणार नाही, नंतर भरला तरीही. मालकाच्या स्वतःच्या वाट्याला मात्र रिटर्नच्या मुदतीपर्यंत सवलत होती. न्यायालयाचा तर्क मला पटतो: कापलेला पैसा कामगाराचा आहे, मालकाकडे तो विश्वासाने ठेवलेला असतो. छोट्या कारखानदाराला ही शिक्षा कठोर वाटते, कारण ज्या महिन्यात रोख अडकते त्याच महिन्याचा खर्च करहिशेबातून कायमचा जातो. पण पासबुकात तीन-तीन महिने नोंद नसलेल्या कामगाराचाही विचार करायला हवा.

परतावा मिळवून देतो म्हणून ८०सीपासून देणग्यांपर्यंत वाटेल ते आकडे टाकणारे दलाल सगळीकडे आहेत. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. सही आपली असते, जबाबदारीही आपली. भरलेल्या रिटर्नची प्रत मागून घ्यावी आणि ८०सीचा आकडा पासबुकातल्या स्वतःच्या वाट्याशी जुळतो का ते पाहावे.

चूक सापडली तर ठरलेल्या मुदतीत सुधारित रिटर्न भरता येते. त्यानंतर उरते अद्ययावत रिटर्न. २०२५ च्या अर्थ कायद्याने त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली, पण त्यावर उशिरानुसार २५ ते ७० टक्के जादा कर लागतो आणि ते फक्त कर वाढत असेल तरच भरता येते. तीन वर्षांपूर्वी काढलेला पीएफ दाखवायचा राहिला असेल, तर ते या मार्गाने दाखवता येते. आपल्या वाट्याची वजावट किंवा टीडीएसचा परतावा मागायचा राहिला असेल, तर हा मार्ग उपयोगी पडत नाही.